ज्याचं कार्ड त्याच्या हातात

अ‍ॅमस्टेलव्हीन या ॲमस्टरडॅमशेजारच्या गावातल्या बऱ्याच मराठी घरांच्या फोनमध्ये तिचं आडनाव सापडणार नाही. तिथे ती फक्त 'पद्मजाताई स्किपोल' आहे. कुणाचे आईवडील यायचे असले, कुणाची मावशी युरोप बघायला निघाली असली, आणि मुलाला नाहीतर भाच्याला ऑफिसातून सुटता येत नसलं, की फोन पद्मजाला जातो. ती स्किपोल विमानतळावर जाते, पाहुण्यांना ताब्यात घेते, आणि ट्रेन, ट्राम, पूल, गल्ल्या ओलांडत त्यांना ॲमस्टरडॅममधल्या हॉटेलच्या खोलीपर्यंत नेऊन सोडते. नळाला गरम पाणी येतंय ना, हे स्वतः हात धरून बघितल्याशिवाय निघत नाही.

सुरुवात झाली ती शेजारधर्म म्हणून. नवऱ्याच्या, दिलीपच्या मागोमाग, डिपेंडंट व्हिसावर ती चिंचवडहून इथे आली, तेव्हा दिवसभर खिडकीतून लोकांच्या सायकली बघण्यापलीकडे तिला काम नव्हतं. दिलीपच्या ऑफिसातल्या एकाचे आईवडील येणार होते. "तू घरीच असतेस ना, जातेस का?" दिलीपने विचारलं. ती गेली. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात मराठीत नाव लिहून उभी राहिली. काचेच्या दारातून बाहेर आलेल्या त्या म्हाताऱ्या बाईंनी तो पुठ्ठा वाचला आणि सामानाची गाडी तिथेच सोडून तिला मिठी मारली. मग दुसऱ्याने विचारलं, मग तिसऱ्याने. पुढे रीतसर नोंदणी झाली, व्यवसाय झाला, आणि एक दिवस पद्मजाच्या लक्षात आलं, की आता खिडकीशी बसायला तिला वेळच नाही.

पण त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. आज दुपारी स्किपोलच्या खांबाला टेकून उभी असताना तिला पुठ्ठाही जड वाटत होता. सकाळी एक कुटुंब झालं होतं, दोन लहान पोरं आणि एक तबला घेऊन आलेलं. आजची ही दुसरी खेप. उजव्या टाचेत पाऊल टेकलं की खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. इथल्या डॉक्टरने तिला पॅरासिटॅमॉल घ्यायला सांगितलं होतं, आणि चालणं कमी करा म्हणाला होता. चालणं कमी करा! मग खायचं काय, टाच?

फोन थरथरला. शर्मिला. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या बाजारात शर्मिलाचं किराणा दुकान आहे, पोह्यांपासून कापराच्या वड्यांपर्यंत सगळं मिळणारं.

"काय गं, ठरलं का?"

"संध्याकाळी सांगते म्हटलंय ना."

"संध्याकाळ म्हणजे संध्याकाळ हं. ती मृण्मयी गळ्यात पडलीय, मलाच घ्या म्हणून. मी तिला थोपवून धरलंय ते तुझ्यासाठी. अगं, बसून काम आहे बाई! गल्ल्यावर बसायचं, हीटर पायाशी, चहा हाताशी. तुला काय बॅगा ओढायचं व्रत आहे का?"

"पाहुणे आले. ठेवते."

पाहुणे आले नव्हते. पण उत्तर द्यायचं तर ते आधी तिला स्वतःला माहीत हवं ना! शरीर केव्हाच हो म्हणत होतं. अडत होतं ते दुसरंच. या देशात तिचं म्हणून जे काही होतं, ते सगळं या पुठ्ठ्यामागे उभं राहून झालं होतं. ते सोडायचं आणि हीटरपाशी बसायचं? आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही, एवढंच ठरवायचं होतं आणि तेवढंच ठरत नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि कराडचे दामोदरराव बाहेर आले. आले म्हणजे मिरवणुकीच्या पुढे चालावं तसे आले. पोटावर पाऊच, डोक्यावर माकडटोपी, आणि मागे दोन पावलं सोडून कुमुदकाकू, बॅगांची गाडी ढकलत.

"पद्मजाताई तुम्हीच का? सानिकाने फोटो पाठवला होता. फोटोत तरुण दिसता."

"फोटो जुना आहे काका. या. काकू, द्या ती गाडी इकडे."

"राहू दे हो, मी ढकलते," काकू म्हणाल्या. "धरायला काहीतरी लागतं मला. विमानात बसून पाय सुजलेत."

सानिका त्यांची मुलगी. युट्रेख्टला पीएचडी करते, आणखी चौघींबरोबर एका घरात राहते आणि एकच न्हाणीघर पाचजणींत वापरते, म्हणून आईवडलांसाठी तिने आठवडाभर ॲमस्टरडॅममध्ये कालव्याकाठचं हॉटेल घेतलं होतं. संध्याकाळी प्रयोगशाळेतून सुटली की ती तिथेच येणार होती.

"कालवे बघायला म्हणे!" दामोदरराव चालता चालता म्हणाले. "मी जन्मभर पाटबंधारे खात्यात. कालवे बघूनच निवृत्त झालो. हिला म्हटलं, चल टेंभूच्या कालव्यावर नेतो, फुकट. तर म्हणाली, लेक तिथे नाही."

काकू गाडी ढकलत राहिल्या. हे वाक्य त्यांनी विमानात शेजाऱ्यांबरोबर एकदा ऐकलेलं असावं, असा त्यांचा चेहरा होता.

आता पद्मजाचा एक नेम होता, आणि तो तिने कधी मोडला नव्हता. फलाटावर उतरण्याआधी ती पाहुण्यांना एका बाजूला घ्यायची आणि तालीम करून घ्यायची. प्रत्येकाचं बँकेचं कार्ड प्रत्येकाच्या हातात. "म्हणा माझ्याबरोबर. चढण्याआधी खांबाला टेकवायचं, टुक वाजलं की पुढे. उतरल्यावर पुन्हा टेकवायचं, टुक वाजलं की बाहेर." काकवा लाजायच्या. काका म्हणायचे, "तिचं मी करतो ना." पद्मजा म्हणायची, "इथे नवराबायको असं काही नसतं काका. एक माणूस, एक कार्ड. ज्याचं कार्ड त्याच्या हातात."

हे ती कुठल्या पुस्तकात शिकली नव्हती. इथे आल्याच्या पहिल्याच महिन्यात दिलीप कार्ड टेकवून गेटातून बाहेर गेला होता आणि ती काचेच्या आत राहिली होती. दिलीपला तेवढ्यात ऑफिसचा फोन आला होता. तो बाहेर फोनवर बोलतोय, हाताने 'थांब, थांब' करतोय, आणि ती काचेआड उभी. येणारी-जाणारी माणसं तिला वळसा घालून जात होती. रडू आलं नव्हतं. लाज वाटली होती, आणि ती कशाची हे पुष्कळ दिवस कळलं नव्हतं.

आज मात्र ती फलाटाकडे उतरणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर उभी राहिली, आणि टाचेतून कळ पार पोटरीत गेली.

"काकू, तुमचं कार्ड?" तिने विचारलं.

"हिचं सगळं माझ्याकडे असतं," दामोदररावांनी पाऊचवर थाप मारली. "पासपोर्ट, कार्ड, फोन, गोळ्या. हिच्याकडे दिलं की गेलंच म्हणून समजा."

इथे पद्मजा थांबायची. हसून, चिमटा काढून, पण थांबायची. आज खाली ट्रेन लागलेली दिसत होती. ही चुकली तर पुढची येईपर्यंत फलाटावर उभं राहायचं, कारण बाकांवर लोक बसलेले. खाली पोचल्यावर पद्मजाच्या मागोमाग दामोदररावांनी खांबाला कार्ड टेकवलं. टुक. एकदाच वाजलं. पद्मजाने ते नीट ऐकलं. दुसरं टुक वाजलं नाही, हेही ऐकलं.

जाऊ दे, तिने मनात म्हटलं. गेटवर बघू.

ट्रेनमध्ये तिने डोळे मिटले. दामोदरराव खिडकीबाहेर बघून "सपाट आहे हो, अगदीच सपाट," असं म्हणत राहिले.

ॲमस्टरडॅमचं स्टेशन दुपारी भरलेलं असतं. पद्मजा मोठी बॅग घेऊन रुंद गेटातून आधी बाहेर पडली, बॅग भिंतीला लावायला वळली. मागोमाग दामोदरराव लहान बॅग घेऊन टुक करून बाहेर. काचेची दारं फटदिशी मिटली, आणि काकू आत.

"हे घे," दामोदररावांनी काचेवरून आपलंच कार्ड आत दिलं. "लाव त्याला."

काकूंनी लावलं. दिवा लाल.

"अगं, नीट लाव! सपाट धर! उलटं कर!"

काकूंनी सपाट धरलं, उलटं केलं. लाल. मागे माणसांची रांग लागली. कुणीतरी "सॉरी" म्हणालं, कुणीतरी नुसतं नाकातून श्वास सोडला.

"एवढं साधं जमत नाही तुला? आण ते इकडे!" दामोदरराव सगळ्या स्टेशनाला ऐकू जाईल असं म्हणाले, आणि काकूंनी कार्ड परत त्यांच्या हातात ठेवलं. लोकांना जागा करून द्यायला त्या एक पाऊल बाजूला झाल्या. तेवढ्यात दुसरी ट्रेन आली असावी. माणसांचा लोंढा काचेपाशी आदळला.

"काका, ओरडू नका, मी बघते," म्हणत पद्मजा पुढे आली, तोवर लोंढा ओसरला होता. काचेमागे कुणी नव्हतं.

"कुमुद?" दामोदररावांनी हाक मारली. मग आणखी मोठ्याने, "कुमुद!" एका कुत्र्याने मान वळवून बघितलं.

"काकूंचा फोन?"

दामोदररावांचा हात पाऊचवर गेला आणि तिथेच राहिला. फोन पाऊचमध्ये होता. पासपोर्ट पाऊचमध्ये होता. पैसे, गोळ्या, हॉटेलचा पत्ता, सगळं पाऊचमध्ये होतं. फक्त बाई नव्हत्या.

"काका, इथून हलायचं नाही. बॅगांना धरून उभे राहा."

"पण मी येतो ना, तिला काही कळायचं नाही..."

"हलायचं नाही!" पद्मजा म्हणाली, तिच्याच आवाजाने दचकली, आणि स्वतःचं कार्ड टेकवून पुन्हा आत गेली.

आत गेल्यावर तिला पहिल्यांदा भीती वाटली. इतकी वर्षं, इतकी माणसं. बॅगा हरवल्या होत्या, चष्मे हरवले होते, एकदा कवळी हरवली होती. माणूस कधी नाही. काकूंना या देशातलं एकच नाव माहीत होतं, युट्रेख्ट, आणि ते इथे दर फलाटावरच्या पाटीवर झळकत होतं. लेकीचं गाव दिसलं आणि बसल्या गाडीत तर? ती फुलांच्या दुकानापाशी गेली. नाही. स्वच्छतागृहापाशी गेली, तिथल्या माणसाला विचारलं. नाही. टाच आता ओरडत होती. एक टुक कमी वाजलं ते मी ऐकलं होतं, पद्मजा स्वतःला म्हणत होती. ऐकून गप्प बसले. ट्रेनचं कारण काढलं. काका मेले पाऊचवाले, पण मी?

मग ती आल्या वाटेने फलाटावर चढली.

काकू बाकावर बसल्या होत्या. चपला काढून, पाय चपलांवर ठेवून, मांडीवर हात. जणू कराडच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसल्यात.

"काकू!"

"आलात? मला वाटलंच, याल म्हणून. बसा."

"अहो, बसा काय! माझा जीव..."

"मी शाळेत शिकवायचे ना, प्राथमिकला. सहलीला निघालो की पोरांना पहिलं हेच सांगायचे. चुकलात तर शोधत फिरायचं नाही. जिथे उतरलो तिथे येऊन बसायचं, बाई येतात." काकूंनी बाकावर सरकून जागा केली. "तेच केलं. बसा हो, पाय दुखतोय तुमचा. विमानतळापासून बघतेय, एका पायावर चालताय."

पद्मजा बसली. बसल्यावर कळलं, की उभं राहण्याचं किती ओझं होतं.

"चला ना काकू, काका घाबरलेत तिकडे."

"घाबरू दे जरा. त्यांचा आवाज इथवर येत नाही, किती बरं वाटतंय." काकू समोरच्या रुळांकडे बघत म्हणाल्या. मग हसल्या. "वाईट नाहीत हो ते. माझ्या गोळ्यांच्या वेळा मला नाही, त्यांना पाठ असतात. पण जरा बसू दे."

दोघी बसल्या. एक गाडी आली, गेली.

"सानिका म्हणत होती, तुमचं फार नाव आहे इथे."

"होतं म्हणा. ही शेवटची खेप असावी बहुतेक." पद्मजाने न विचारता सांगून टाकलं. दुकान, गल्ला, हीटर, संध्याकाळ. "ठरत नाहीये. वाटतं, हे सोडलं तर मी पुन्हा घरातली होईन. आणि आज तर... काकू, तुमचं कार्ड तुमच्या हातात द्यायला मी लावायला हवं होतं. माझा नेम आहे तो. आज दमले होते म्हणून सोडून दिलं. चूक माझी आहे."

काकूंनी त्यावर "छे छे" वगैरे काही केलं नाही. थोडा विचार केला.

"मी वेळेआधी निवृत्ती घेतली. सगळे म्हणाले, अहो बाई, तुमच्यासारख्या बाईने कशाला? तर एके दिवशी पोरं मोजायला विसरले. विहिरीवर नेली होती, बघायला. परत आले, हजेरी घेतली, सगळी होती. कुणाला कळलंसुद्धा नाही. पण मी मोजलं नव्हतं, ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. पण झोप लागली हो. इतकी झोप लागली म्हणता!"

पद्मजाला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, तेव्हा ती खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागली. नाडी सुटलेली नव्हती.

"चला आता," ती म्हणाली. "गेटवरच्या बाईंना सांगते मी, सोडतील."

"मी अशी नाही यायची." काकू जागच्या हलल्या नाहीत. "माझं कार्ड आहे. माझ्या पेन्शनचं. ह्यांच्या पाऊचात डाव्या कप्प्यात. ते आणून द्या, मग येते. त्यांच्या कार्डावर बाहेर यायचं नाही मला. मघाशी सगळ्यांसमोर... तुम्हाला त्रास आहे, कळतंय. पण मी इथे बसलेय."

त्रास होताच. जिना उतरायचा, गेटपर्यंत जायचं, परत यायचं, परत जायचं. पण आश्चर्य म्हणजे या खेपेचं पद्मजाला ओझं वाटलं नाही. मघाशी चुकवलेली खेप होती ही. ती गेली.

काचेपलीकडे दामोदरराव दोन्ही बॅगांना दोन हातांनी धरून उभे होते. माकडटोपी हातात आली होती आणि विरळ केस उभे राहिले होते.

"सापडली?"

"बसल्यात. ठीक आहेत. काकूंचं कार्ड द्या, काका."

"तिचं? मी आहे ना इथे. तिला म्हणावं ये, माझ्या..."

"त्यांचं कार्ड."

"अहो, तिच्याकडून हरवतं! सवय नाही तिला!"

"काका," पद्मजा काचेला हात टेकून म्हणाली, "कार्ड आहे तुमच्याकडे. हरवल्या त्या काकू."

दामोदररावांनी डाव्या कप्प्याची चेन ओढली. कार्ड काढलं, आणि काचेवरून देताना उगाचच शर्टाला पुसून दिलं. मागोमाग फोनही दिला. तो तिने मागितला नव्हता.

कार्ड आणि फोन काकूंच्या हातात देऊन पद्मजाने त्यांना खाली आणलं. गेटपाशी उभ्या असलेल्या स्टेशनच्या बाईला पद्मजाने डचमध्ये होतं ते खरं सांगितलं, की आधी कार्ड टेकवायचं राहिलं, चूक आमची. ती बाई काकूंच्या सुजलेल्या पायांकडे बघत म्हणाली, टेकवू दे त्यांना, राहिलेलं मी बघते. काकूंनी पदर खोचला. कार्ड सपाट धरलं. टुक. हिरवं. दारं उघडली, आणि काकू अजिबात घाई न करता बाहेर आल्या.

"कुठे गेली होतीस?" दामोदररावांचा आवाज अर्ध्यातच बसला.

"कुठे नाही. बसले होते."

"सांगून तरी..."

"कशावर सांगू? फोन कुठे होता?"

दामोदररावांनी लहान बॅग उचलली, मग मोठीही उचलली, आणि ट्रामकडे चालू लागले. ट्रामच्या दारात काकूंनी कार्ड टेकवलं आणि मागे वळून म्हणाल्या, "अहो, तुमचं लावा. एक माणूस, एक कार्ड." हे काकूंना कुणी सांगितलं असेल, याचा पद्मजाला अंदाज होता. सानिकाने सांगितलं असणार, आणि सानिकाला तिनेच.

हॉटेल कालव्याला लागून होतं. उंच, चिंचोळं, शेजारच्या घरांच्या खांद्यावर थोडं कललेलं. आतला जिना बघून दामोदररावांना वाचा फुटली.

"हा जिना आहे की शिडी? लिफ्ट?"

"नाही काका. जुनी घरं आहेत. सामान पूर्वी बाहेरून, वरच्या त्या हुकाला दोर बांधून ओढायचे."

"मग मलाही बांधा हुकाला."

"जास्त बोलाल तर बांधतील," काकू म्हणाल्या आणि चढू लागल्या, दर पायरीवर दोन्ही पाय टेकत.

वर पद्मजाने नळ उघडून हात धरला. गरम पाणी आलं. दामोदरराव खिडकीशी गेले, खाली बघितलं, आणि जरा वेळाने म्हणाले, "पाणी स्थिर ठेवलंय. सोपं नसतं ते." कुणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही, पण आवाजात आता मिरवणूक नव्हती.

"पुढच्या शुक्रवारी विमानतळावर सोडायला येते तुम्हाला," पद्मजा दारात म्हणाली.

"नका येऊ." काकूंनी तिचा हात धरला. "रागावू नका. मला जमेल. ट्राम, मग गेट, मग गाडी. दोनदा टुक. सानिका असेल, पण तिची गरज पडेल असं वाटत नाही. ह्यांना मी नेते. तुम्ही झोपा."

दामोदररावांनी खिडकीकडे तोंड करूनच घसा खाकरला, म्हणजे ऐकलं होतं.

खाली येऊन पद्मजा ट्रामच्या थांब्यावरच्या बाकावर बसली. उन्हं कलली होती, कालव्यावरून एक बोट जात होती, तिच्यात कुणीतरी मोठ्याने हसत होतं. शर्मिलाचा फोन आलाच.

"बोल. मृण्मयी दारात उभी आहे माझ्या."

"तिला घरी पाठव," पद्मजा म्हणाली. "मी येते सोमवारपासून."

"खरंच? आणि मग पुढच्या आठवड्यात म्हणशील, एवढे एक काकाकाकू सोडून येते..."

"नाही म्हणणार. आज मी मोजायला विसरले, शर्मिला."

"काय मोजायला? पैसे?"

"नंतर सांगेन. एक सांग, गल्ल्यामागे पाय पसरायला जागा आहे ना?"

"पाय पसर, आडवी हो, काय वाटेल ते कर. ये फक्त."

तिने फोन ठेवला. पुठ्ठा पिशवीतून डोकावत होता, 'दामोदर व कुमुद' असं काळ्या शाईत लिहिलेला. तो तिने आत सरकवला. मग इकडेतिकडे बघितलं आणि उजव्या पायातला बूट काढला. टाच थंड हवेत मोकळी झाली.

अ‍ॅमस्टेलव्हीनची ट्राम आली. दारं उघडली, दोन माणसं उतरली. पद्मजाने बूट हातात घेतला, मग पुन्हा खाली ठेवला.

जाऊ दे, ती म्हणाली. पुढची बघू. आणि दारं मिटून ट्राम गेली तरी ती तशीच बसून राहिली.